तिसऱ्या रविवारची हरकत

कल्याण, १४ जानेवारी १९८७

ह्युबर्टदादा,

देवानं मला बोलावलं हे मला कसं कळलं, असं तू विचारशील. ते मला सांगता येत नाही. घरातली पहिली बी.ए. असूनही नाही. हे पत्र मी तुला बहारीनला पाठवणारही नाही. तू धावत येशील आणि तुझ्यापुढे मी डगमगेन.

तुझ्या मित्राशी लग्नाला होकार मीच दिला, आई जेवेना म्हणून. ती माझी चूक. पण नन व्हायचंय हे तीन वर्षं सांगत होते, तेव्हा तुम्ही सगळे हसलात.

बाळकुमच्या चर्चमध्ये, लग्नाआधी कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून, आमची नावं दोन रविवार वाचली गेली. मी गप्प बसले. तिसऱ्या रविवारी फादरनी पुन्हा विचारलं, "कुणाची हरकत आहे?" मी उभी राहिले.

एमामावशी माझी बाही ओढत म्हणाली, "बस गो खाली, तुजाच नाव वाचलाय!"

"म्हणूनच उभी आहे," मी म्हणाले. "फादर, हरकत माझी आहे."

आई अजून बोलत नाही. तुझ्या मित्राला मी माफीचं पत्र टाकलं, त्याचा काहीच दोष नव्हता. तुमची माफी मागणार नाही. परवा मी इथल्या कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाले.

तुझीच,
स्टेला