न चाखलेलं मीठ

आप्पा, व्हिसा आला. माझा, बायकोचा आणि पोरीचा, तिघांचाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची नात तुम्हाला भिंतीवरच्या फोटोतूनच ओळखते, आणि त्या फोटोत तुम्ही कुणीतरी भात करपवल्यासारखे बघताय. तरी ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. ऑस्ट्रेलियाला चाललोय. स्वयंपाकी म्हणून. कागदावर तसं स्पष्ट छापलंय, आणि तो कागद मी सकाळपासून चार वेळा वाचला. बायको म्हणते, आता पुरे, शाई उडून जाईल. उडू दे. नऊ वर्षं मी दुसराच एक कागद खिशात घालून फिरत होतो, तो वाचायलाही लाज वाटायची.

तुमच्या माघारी मी आधी डिचोलीच्या एका हॉटेलात रांधलं आणि मग मस्कतला गेलो, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तिथे कामगारांना जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीत लागलो. त्यांच्याकडे स्वयंपाक्याची जागा रिकामी नव्हती, सफाई कामगाराची होती, म्हणून माझ्या ओळखपत्रावर तेच लिहिलं. आधी या, मग बदलून घेऊ, म्हणाले. मी दुसऱ्याच दिवसापासून चुलीपुढे उभा राहिलो आणि कार्डावर मात्र झाडूच राहिला. सुरुवातीला मी हसत होतो. मग कळलं की त्या कार्डावर बायकोमुलीला तिकडे नेता येत नाही. पोर इथे धारगळला वाढली. मी सुट्टीवर आलो की ती मला बशीत बिस्किटं मांडून चहा द्यायची, पाहुण्याला देतात तशी, आणि मी निघालो की दारात उभी राहून नीट हात हलवायची. रडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून बाहेरदेशी, कुटुंबासकट राहता येईल अशा कामाच्या व्हिसाचं डोक्यात घेतलं. कुठे जायचं हे लवकर ठरलं, कुठून अर्ज करायचा यावर मात्र चार महिने घोळ चालला. मस्कतहून करायचा तर तिथलं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र जोडायचं. बाकी काही नको. गोव्यातून करायचा तर डिचोलीचा जुना दाखला जोडायचा आणि परीक्षकासमोर प्रत्यक्ष रांधून दाखवायचं. पण त्या परीक्षेची तारीख कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं, म्हणजे नोकरी सोडूनच यायला हवं, आणि नापास झालो तर हेही गेलं आणि तेही गेलं. माझ्या खोलीत बेळगावकडचा एक प्लंबर होता, जिवाला जीव देणारा माणूस. तो म्हणाला, “खुळं लागलंय काय तुला? हितनंच टाक की अर्ज. कंपनीचा कारकून लिहून देतोय न्हवं कुक म्हणून? मग?” कारकून द्यायला तयारही होता. म्हणजे कारकुनाचा कागद म्हणणार स्वयंपाकी, सरकारचं कार्ड म्हणणार झाडूवाला, आणि मधे मी. म्हापशाचा एजंट फोनवर म्हणाला की इतकं बारीक कोण बघत नाही. बघितलं तर, मी विचारलं. तर मग खोटे कागद दिले म्हणून काळ्या यादीत कायमचं नाव लागतं, तो म्हणाला, जसं काही दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

शेवटी बायकोला विचारलं. तुम्ही तिला पाहिली नाहीत, पण तुमचं तिच्याशी पटलं असतं, दोघंही कमी बोलता. ती म्हणाली, “थंय कागद खोटो सांगता. हंय येवा आणि रांधून दाखवा.” आणि पुढे म्हणते, “रांधूक येता मां तुमका?” मी दुसऱ्या आठवड्यात नोकरीचा राजीनामा दिला. प्लंबरने निघताना मला मिठी मारली आणि शिवीही दिली.

रांधूक येता मां. हा प्रश्न तुम्ही मला एकदाच विचारला होता, आठवतं का, आमोण्याच्या त्या समाराधनेला. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेज सोडून तुमच्याबरोबर देवळांची आणि लग्नांची जेवणं करत हिंडत होतो आणि आपल्याला सगळं येतं असं मला वाटत होतं. देवळामागे चुलाणं पेटलीयत. मोठ्या टोपात भाज्यांचं खतखतं शिजतंय, तेफळांचा वास नदीपर्यंत गेलाय, आणि मी मीठ घालून सवयीने दवलीला, करवंटीच्या पळीला, लागलेला रस बोटाने जिभेवर ठेवतो. तुम्ही पाठमोरे होता. तरी तुम्हाला दिसलं. “देवाच्या आधी तुजी जीब?” एवढंच म्हणालात. नैवेद्य दाखवायच्या आधी रांधप्याने चाखायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण तो अख्खा टोप तुम्ही बाजूला ठेवाल असं वाटलं नव्हतं. तो कामकऱ्यांना वाढायला सांगितलात आणि मला म्हणालात, “आता नवो कर. सगळे नारळ तूच खव. रांधूक येता मां तुका?” देवळात माणसं खोळंबलेली. भटजी दोनदा डोकावून गेले. मी खवतोय, बोटं सोलवटलीत, डोळ्यांत पाणी आहे आणि ते धुरामुळे आहे असं मी स्वतःला सांगतोय. मीठ घालायची वेळ आली तेव्हा तुम्ही माझी मान धरून वाफेवर वाकवलीत. “मीठ नाकान कळता. आधी वास घे, मग घाल, मग परत वास घे.” मला काही कळलं नाही. पुढची दोन वर्षं कळलं नाही. आणि एक दिवस कळलं, तेव्हा घरी आल्यावर तुम्ही करवंटी घासून, बांबूची दांडी लावून मला एक दवली करून दिलीत. ती मस्कतला नऊ वर्षं माझ्या उशाशी होती.

परीक्षा झाली पणजीजवळ, एका स्वयंपाक शिकवणाऱ्या संस्थेत. सगळं स्टीलचं, चकचकीत, दवली आत न्यायची परवानगी नाही. परीक्षक बाई उत्तरेकडच्या, हिंदीत बोलायच्या, हातात फळी आणि तिच्यावर तक्ता. एक सूप, एक मासा, एक रस्सा, वेळ मोजून. मी कापाकापी केली, मसाला परतला, मासा उतरवला. त्यांचं पेन चालू होतं. खिडकीबाहेर बायको पोरीला घेऊन बाकावर बसली होती. रस्सा झाला, आणि बाई म्हणाल्या की तुम्ही सकाळपासून एकदाही काही चाखलेलं मी पाहिलं नाही. चमचे तिथेच ठेवले होते, स्वच्छ, ओळीने. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. प्रत्येक पदार्थ वाढायच्या आधी चाखायचा हा नियम आहे, त्याचे गुण कापावे लागतील, असं त्यांनी सांगितलं, आणि खरंच कापले.

आप्पा, मला त्या क्षणी गयावया करता आली असती. चमचा उचलता आला असता. मी म्हणालो, आमच्याकडे ज्याच्यासाठी रांधलंय त्याने आधी खायचं असतं. तुम्ही खा, आणि मीठ कमीजास्त असेल तर मला इथेच नापास करा. बोललो आणि माझं मलाच वाटलं, मेलो आता. बाईंनी रस्सा घेतला. मग दुसरा चमचा घेतला, जो परीक्षेसाठी लागत नाही. मासा खाल्ला, सूप प्यायल्या, आणि तक्त्याच्या खाली काहीतरी लिहिलं. निकालाबरोबर ते मला वाचायला मिळालं: चाखत नाही, मीठ तिन्हींत अचूक. पास. मी धारगळच्या तिठ्यावर भर दुपारी, हायवेच्या ट्रकांपुढे, पोरीला खांद्यावर घेऊन नाचलो. ती आता काही खांद्यावर घेण्याएवढी राहिलेली नाही. पाठ दोन दिवस दुखली, आणि पोरीने पहिल्यांदाच मला ओरडून ‘पुरे’ म्हटलं, घरच्या माणसाला म्हणतात तसं.

पुढच्या आठवड्यात निघतोय. विमानतळ आता आपल्या पेडण्यातच झालाय, रिक्षाने जाता येतं. दवली कपड्यांत गुंडाळून ठेवलीय. हे पत्र कुठे टाकायचं नाही. व्हिसाच्या फाईलमध्येच राहील, सगळ्यांत खाली. त्या फाईलमधला प्रत्येक कागद कुणाला ना कुणाला दाखवावा लागला, हा तेवढा नाही.

कारण एक गोष्ट मी त्या बाईंना सांगितली नाही आणि बायकोलाही नाही. रस्सा उकळत असताना बाई सूप बघायला वळल्या, आणि मला खिडकीतून बाकावरची पोर दिसली. आप्पा, मी पाठ फिरवली आणि डावाला लागलेला रस्सा बोटाने चाखला. न चाखल्याचे गुण त्यांनी कापले ते उगाच कापले; मी चाखलं होतं, पण लपवून, आणि तेही त्यांच्यापासून नव्हे, तुमच्यापासून. मीठ बरोबर होतं. वरून एक कणही घालावा लागला नाही.