खडपाची खूण

६ डिसेंबर १९९९, सोमवार
मिरकरवाड्याहून स. ८ला निघालो. होडी दत्तारामची, होडीत तो आणि मी. बावीस वर्षांचा शेजार, पण त्याच्या होडीत पाय आज पहिल्यांदा टाकला. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो तेव्हापासून घोकत होतो की किनारा एकदा समुद्राकडून काढायचा. परवा हा आपणहून म्हणाला, "चला मास्तर, सासुरवाडीला शेवंडीला जाताव. आठ दिस ऱ्हावा." आपणहून का? सौ. म्हणाली, तुम्हाला दूधवाल्याचासुद्धा संशय येतो, गुपचूप जा. आलो.

गणपतीपुळं समुद्रातून अगदीच एवढंसं. मालगुंडच्या पुढे पोट ढवळलं, चित्र वगैरे काही नाही. दु. बंदरात पोचलो. एक धक्का, वीसेक होड्या, वाळत घातलेली जाळी, वर कौलारू घरं. मी धक्क्यावर चढलो आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. दत्तारामचा मेहुणा सुभाष माझ्या पिशवीकडे बघत म्हणाला, "भावोजी, ह्ये कोन?"
"शेजारचे मास्तर. चित्रं काडतात."
"बरं."
ते 'बरं' मला आवडलं नाही.

७ डिसें.
दोघे पहाटे निघाले. निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये एवढं मलाही कळतं, म्हणून "लांब?" एवढंच म्हटलं. "नाय, हितंच." हितंच गेलेले साडेनऊला उगवले. सोबत दोन ओली पोती, आतून किरकिर. सुभाषने ती कोणाशी न बोलता थेट मागच्या पडवीत नेली. या किनाऱ्यावर काय काय उतरतं ते पेपरात वाचलेलं आहे. उद्या कस्टमवाले आले तर सगळ्यात आधी परका माणूस धरतील, म्हणजे मी. दत्ताराम असल्या भानगडीत असेल? बावीस वर्षं ओळखतो म्हणतो खरा, पण समुद्रावरचा दत्ताराम मला काय माहीत.

दु. सगळे आडवे झाल्यावर पोत्यात डोकावलो. शेवंडी, म्हणजे शहरातल्या हॉटेलांतले लॉबस्टर. जिवंत, हातभर मिशा, माझ्याकडे बघून किरकिरतायत. सुभाषची आई गोणपाटावर पाणी मारायला आली आणि मी सापडलो. "काय मास्तर, काय हरावलं काय तुमचं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीपण वर शेवंडी दिसल्या म्हणून खालीही शेवंडीच, असं थोडंच आहे.

८ डिसें.
हट्ट धरून त्यांच्याबरोबर गेलो. सुभाष सरळ म्हणाला, "भावोजी, नको." दत्तारामने डोकं खाजवलं, मग म्हणाला, "घरचंच हायत ते."

अर्ध्या तासाने दोघे किनाऱ्याकडे बघत होडी पुढे-मागे करू लागले. एकदाचं इंजिन बंद. लगेच दत्ताराम म्हणतो, "मास्तर, तोंड समुद्राकडं करून बसा, म्हंजे उलटी व्हनार नाय." पोट माझं ठणठणीत होतं! मला काहीतरी दिसू नये, एवढाच अर्थ. ते माझ्याकडे पाठ करून जाळं ओढायला लागले तसा हळूच वळलो. मागे काही म्हणजे काही नाही. तोच किनारा. टेकडीवर देऊळ, खाली वड, पांढरं घर, डोंगराचं टोक. इतका विरस झाला की पॅड काढून तेच काढत बसलो. होडी एका जागी होती, रेषा बरी बसली. देवळाचा कळस नेमका वडाच्या शेंड्यावर आलेला, घराचा फक्त एक कोपरा टोकामागून डोकावतोय. रचना फार सुरेख. पुष्कळ दिवसांनी हाताला मजा आली.

जाळ्यात एक शेवंड गाभोळीची, पोटाखाली अंडीच अंडी. सुभाषने ती दोन्ही हातांनी जपून पाण्यात सोडली. मला दाखवायला केलं असणार.

९ डिसें.
पायी वरच्या रस्त्यापर्यंत गेलो, एस.टी. थांबते तिथे चहाचं हॉटेल आहे. या मुक्कामातला पहिला सरळ माणूस तिथे भेटला. पलीकडच्या खाडीवरचा, मोटरसायकलवाला, बोलायला गोड. पॅड चाळलं. कालच्या चित्रावर थांबला तो थांबलाच. "वा गुरुजी! अगदी फोटो. एक झाड इकडचं तिकडे नाही." चित्र कुठून काढलं, होडी केव्हा तिथे होती, सगळं आपुलकीने विचारलं. बंदरात चार दिवसांत कोणी पॅड बघू का म्हटलं नाही. कागद फाडून त्याला देऊन टाकला. खाली सही, तारीख.

११ डिसें.
स. दोघे रिकामे परतले. त्यांच्या खडपावर, म्हणजे शेवंडी मिळतात त्या पाण्याखालच्या खडकावर, पलीकडच्या खाडीवाल्यांची जाळी, तीन होड्या. ती जागा सासऱ्यांनी मरायच्या आधी या दोघांनाच दाखवली होती, तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही. मग सांगितलं कोणी? दत्ताराम धक्क्यावरच सुभाषवर धावून गेला. "मी नाय तर तू! दुसरा कोन?" सुभाषने आईच्या पायाची शपथ घेतली. दत्ताराम म्हणाला, "शोभाला तुज्या घरात परत पाय ठेवू देनार नाय." शोभा म्हणजे दत्तारामची बायको, सुभाषची सख्खी बहीण. म्हातारी तिथेच खाली बसली.

दत्तारामला बाजूला नेलं, पाणी दिलं. म्हणालो, मला सुभाषचं पहिल्या दिवसापासून काही ठीक वाटत नव्हतं. तो म्हणाला, "तुमी मानसं वळखता, मास्तर."

१२ डिसें.
धक्क्यावर दोघेच बसलो होतो, दत्ताराम आणि मी. सहज विचारलं, एवढ्या पाण्यात खडप सापडतं तरी कसं? त्याने समुद्राकडे बघत सांगून टाकलं. आता लपवायचं काय राहिलं म्हणाला.

"खुना असतात. देवळाचा कळस वडाच्या शेंड्यावर यायला होवा, आन् घराचा एकच कोपरा टोकामागनं दिसायला होवा. दोनी जुळलं का खाली खडप. म्हनून तर तुमाला पाठमोरं बसवलं. राग मानू नका, सुभाषचा हट्ट होता त्यो."

उठलो आणि सरळ घराकडे चालू लागलो.

खोलीत येऊन ८ आणि ९ तारखेची पानं वाचली. पुन्हा वाचली. सहीसुद्धा केली, गाढवा. पाठमोरं बसवलं नसतं तर मी वळलो तरी असतो का? नाही, हा आता सुभाषवरच ढकलायचा प्रकार झाला. वळलो मी. काढलं मी. दिलं मी.

हॉटेलात जाऊन आलो. तो मोटरसायकलवाला हॉटेलवाल्याच्याही ओळखीचा नाही, निदान तो तसं म्हणाला. आणि भेटला असता तरी काय मागणार होतो? कागद परत? खूण काय कागदावर राहते.

जेवताना सुभाष आला नाही. म्हातारीने माझ्या ताटात शेवंडीचा मोठा तुकडा वाढला. गिळला.

१३ डिसें., स.
निघायचं. दत्ताराम सुभाषशी एक शब्द न बोलता खाली गेला. मी पिशवी भरत होतो तेवढ्यात सुभाष दारात येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले. पहिल्यांदाच माझ्याशी चार शब्द बोलला. "मास्तर, भावोजींना समजवा. माजी भन तुटेल हो. त्ये तुमच्या शब्दाभाहेर नायत."

हो म्हणालो. 'हो' आलं तोंडातून.

इथे आल्यापासून मी सगळ्यांवर संशय घेतला. पोत्यांवर घेतला, सुभाषच्या 'बरं'वर घेतला, अंडीवाली शेवंड सोडणाऱ्या हातांवरही घेतला. माझ्यावर मात्र अजून कोणाचा नाही. मी तोंड मिटून होडीत बसलो तर कधी येणारही नाही. शोभावहिनी रोज दिसतील, पलीकडच्याच अंगणात. काय हो भावजी, कशी काय झाली आमच्या माहेरची सफर, असं विचारतील.

समुद्रात सांगावं तर दोघेच असणार, दत्तारामला ओरडायला तरी मोकळीक. पण मग सुभाष इथेच राहिला. सांगायचं तर इथे, धक्क्यावर, सगळ्यांसमोर, जिथे त्याला चोर म्हटलं तिथेच. सांगून नुसतं पटायचं नाही, सुभाषवर पांघरूण घालताय म्हणेल दत्ताराम. ९ तारखेचं पान वाचून दाखवावं लागेल. वही उघडली म्हणजे ७चंही आलं, दत्ताराम भानगडीत असेल का ते.

खालून हाक. "मास्तर, चला, भरती उतरंल."

सुभाष अजून दारातच आहे. वही पिशवीत टाकू की हातात घेऊन उतरू