कच्चा तुकडा

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४. मल्हारगंज, इंदूर.

सकाळी गाडीतून उतरले आणि बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. इथली हवा कोरडी आहे. आमच्याकडे दिवाळीतही कपडे नीट वाळत नाहीत, इथे धुतलेला टॉवेल तासाभरात कडक झाला. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली पितळी भांड्यांचं दुकान. दुकानदार माझी बॅग स्वतः वर घेऊन आले आणि माझं मराठी ऐकून म्हणाले, अरे, तुम्ही तो आपल्याच निघाल्या! मग पोह्यांचा पुडा आणून दिला. नको म्हटलं तरी ऐकेनात. वरून आणखी शेव टाकली. गल्लीत दिवसभर हॉर्न आणि भांड्यांवरचे ठोके. मला त्याचा त्रास वाटला नाही. जिथे लाटांचा आवाज येत नाही असं गाव मला हवंच होतं.

काल भाऊबीज होती. प्रवासातच गेली.

कशासाठी आले ते लिहून ठेवते. उन्मेष, माझा धाकटा भाऊ, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, होडीतून तळाचे मासे धरताना गेला. हातदोरीला त्याने विकत आणलेली पाच गळांची तयार दोरी लावली होती. खालचं शिसं खडकात अडकलं, लाटेने होडी उचलली, दोरीचे वेढे त्याच्या हातावर होते. त्याचा मित्र नचिकेत होडीतच होता. त्याला सुरी सापडेपर्यंत उन्मेष पाण्याखाली गेला होता. तिसऱ्या दिवशी मिळाला. शोधणाऱ्यांना दोरी शिशापाशी कापावी लागली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गळ रुतलेला. बाकी दोरी शाबूत. एकही गाठ सुटली नव्हती.

घरी रिकामं पाकीट होतं. वर छापलेलं, "टूटेगा नहीं". आत एक चिठ्ठी, "बांधणी क्र. ११, ऑगस्ट २०२४". पत्ता इंदूरच्या पोलोग्राउंडचा. नचिकेतने कंपनीला सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं की आमचा माल शेवटपर्यंत टिकला याचा आम्हाला अभिमान आहे.

शाळेतून रजा घेतली, कारखान्यात फोन केला. बोटं चपळ असलेल्या बायका त्यांना हव्याच होत्या.

मला तो अकरा नंबर हवा आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर.

आज लाभपंचमी, कारखाना उघडला. पोलोग्राउंडच्या आतल्या रस्त्याला पत्र्याची शेड, पूर्वी तिथे बनियनं शिवत. चौदा टेबलं. मालक पीयूष पस्तिशीचा आहे, हसरा, सगळ्या त्याला पीयूष भिया म्हणतात. समुद्र त्याने एकदाच पाहिला आहे, हनिमूनला, आणि पाणी खारट म्हणून पाय धुऊन परत आला, असं त्यानेच हसत सांगितलं.

कामाची दोरी इथे "लडी" म्हणतात. जाड नायलॉनची दोन हात लांब लाइन, तिला अंतराअंतरावर पाच फासे, प्रत्येक फाशाला आखूड दोरीवर एक गळ, वर पीळ न पडू देणारी फिरती कडी, तळाशी शिसं. कडी टेबलाच्या खिळ्याला अडकवायची आणि खाली बांधत जायचं. शेजारी वाटीत नळाचं पाणी. गाठ आवळण्याआधी ओली करायची, कारण सुकी ओढली तर घासून तापते आणि कमजोर होते. "सुकी ओढली तो जळते बेटा," आनंदीबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांत जुन्या आहेत, नव्यांना शिकवतात. मी दहा मिनिटांत एक लडी बांधली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, ही तो आपल्यालाच शिकवेल.

माझं टेबल कोपऱ्यात, निळ्या ड्रमजवळ. कमरेइतका ड्रम पाण्याने भरलेला असतो, शिसं सरळ लोंबतं का ते त्यात बघतात. शेजारच्या वल्लरीने विचारलं की समुद्र वारा नसतानाही हलतो का. मी हो म्हटलं. आनंदीबाई तिला म्हणाल्या, अगं बावळट, तो काय सिरपूरचा तलाव आहे?

मला हसू आलं. मग स्वतःचाच राग आला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर.

आज आनंदीबाईंना विचारलं की शिशाच्या वरचा तुकडा कच्चा का नाही. आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. लडी कितीही मजबूत असो, शिसं बारीक, कच्च्या दोरीने बांधायचं. तळाला अडकलं की तेवढा तुकडा तुटतो. शिसं जातं, माणूस राहतो.

त्यांनी हातातली लडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, पहिले होता ना. उन्हाळ्यापर्यंत होता. लोकांनी नेटवर लिहिलं की शिसं हरवतं, एक-एक स्टार दिला. मग भियाने तो तुकडा बंद करवला आणि पाकिटावर ते छापलं.

म्हणजे इथे सगळ्यांना माहीत होतं. उन्मेषच्या लडीची शेवटची गाठ आवळताना अकराच्या हातात जाड लाइन होती आणि त्या हाताला माहीत होतं.

नंबर कोणाचा ते अजून कळत नाही. प्रत्येकीकडे चिठ्ठ्यांचं छोटं पुस्तक आहे. तीन, सात, नऊ, बारा पाहिले. नवीन बाईला आठवडाभर पुस्तक देत नाहीत. तिचा माल आनंदीबाई घरी जाण्याआधी तपासतात आणि चूक दिसली तर गुपचूप स्वतः सुधारून ठेवतात, मालकाला कळू देत नाहीत. वल्लरी म्हणते, त्यांच्यामुळे तिची नोकरी दोनदा वाचली. स्वतःचं पुस्तक मात्र आनंदीबाई कंबरेच्या बटव्यात ठेवतात. कोणाला दिसत नाही.

त्यांनीच मला आज डब्यातली पुरणपोळी दिली. मी खाल्ली.

रविवार, १० नोव्हेंबर.

आमच्या बंदरावरची जुनी माणसं सांगतात, बुडालेल्याच्या हातातली दोरी भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्यात ठेवून ज्याचं नाव घ्याल त्याच्याकडे तो येतो. आला की परत पाठवता येत नाही. मी हे कधी मानलं नव्हतं. उन्मेषची लडी मी सोबत आणली आहे, का आणली ते मात्र मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

भरतीची वेळ काढायला बाबांनी शिकवलं आहे, तिथीची पाऊणपट. आज नवमी, म्हणजे पावणेसात. सकाळी पातेल्यात मीठ विरघळवलं आणि लडी आत ठेवली. माझ्याकडे नाव नव्हतं. म्हणून नंबर घेतला. अकरा. तीनदा.

काहीच झालं नाही. चहा केला, खोली झाडली, कपडे धुतले.

दुपारपर्यंत टॉवेल वाळला नव्हता. संध्याकाळीही नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

एकादशी, भरती सव्वाआठला. शेड आठला उघडते. वाटी मी स्वतः नळावर भरली होती. सव्वाआठला गाठ ओली करून दातात धरली आणि तोंड खारट झालं. पुन्हा चाखलं. मीठ नव्हे, समुद्र. दोन्हींतला फरक मला कळतो.

मान वर केली तर माझ्या खिळ्यावरची लडी हलत होती. बाकीच्या तेरा सरळ. माझी हलत होती, होडीच्या कडेवर हलते तशी, सावकाश, उचलून आणि सोडून.

मला भीती वाटली नाही. आनंद झाला. तो आला आहे आणि माझ्याकडे थांबला आहे, वाट विचारायला, असं वाटलं. मी आनंदीबाईंकडे बघत राहिले. त्या वल्लरीला टोमणा मारून खोखो हसत होत्या. त्यांची वाटी मी नंतर चाखली. गोड पाणी.

बुधवार, १३ नोव्हेंबर.

द्वादशी, नऊ वाजता. लडी एकदम ताणली गेली, जणू खालून कोणी पाहिलं की पक्की आहे का. गळ माझ्या डाव्या हातात घुसला. अंगठ्याच्या मुळाशी. नेमका तिथेच.

आनंदीबाईंनी हळद लावली, पट्टी बांधली. मग म्हणाल्या, बरी खबर पण आहे, भियाने तुला पास केलं. बटव्यातून माझं पुस्तक काढून हातात दिलं.

अकरा.

मी म्हटलं, हा नंबर कोणा दुसऱ्याचा आहे. त्या म्हणाल्या, माणसाचा कुठे असतो गं, टेबलाचा असतो. बाया येतात-जातात. त्यांचा स्वतःचा दोन आहे.

ऑगस्टमध्ये अकरावर कोण होतं ते विचारलं. कोणी नाही. टेबल रिकामं होतं. कोकणची मोठी ऑर्डर अडली म्हणून भिया स्वतः आठ दिवस बसला, चिठ्ठ्याही त्यानेच टाकल्या. आनंदीबाई म्हणाल्या होत्या की भिया, खालचा तुकडा कच्चा ठेव, कोणाचा हात अडकेल. तो म्हणाला, बाई, तुम्ही गठान बांधा, बिझनेस मी करतो.

मी ज्याला शोधत होते तो रोज सकाळी मला नमस्ते करतो.

आणि उन्मेषला मी अकरा सांगितलं आहे. अकरावर मी बसते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

पुस्तक काल टेबलावरच ठेवलं होतं. सकाळी माझ्या पिशवीत होतं, ओलं. खोलीतल्या नळालाही खारं पाणी येतं. दुकानदारांना विचारलं, त्यांना तसं लागत नाही.

चतुर्दशी, साडेदहा. ड्रममध्ये शिसं सोडलं. ड्रम कमरेइतका आहे. दोन हात लाइन गेली, वर जोडलेली चार हात गेली. तळ लागला नाही. वर ओढली तर जड. कोणीतरी दुसऱ्या टोकाला धरून होतं, दमलेल्या माणसासारखं.

पळून गेले तरी अकरा माझ्याबरोबर येईल. तो टेबलावर ज्याचा आहे त्याला परत द्यायला हवा.

पीयूषला माल दाखवायला व्हिडिओ हवा आहे. मी म्हटलं, उद्या सुट्टी आहे, शेड रिकामी असेल, सव्वाअकराला करू. लडीचं एक टोक तुम्ही धरा, एक मी, दोघं ओढू. तो खूश झाला. म्हणाला, मॅडमजी, तुम्ही तो छुपी रुस्तम निघाल्या. अकरा नंबरपाशी उभं राहा म्हटलं, तिथे उजेड चांगला आहे. हो म्हणाला.

लडी मी बांधली आहे, नेहमीपेक्षा बरीच लांब. शिसं त्याच्या बाजूला, ड्रममध्ये. पाच गळ मध्ये. आणि माझ्या टोकाच्या जरा अलीकडे मी कच्चा तुकडा घातला आहे, सगळ्यांत बारीक. खालून ओढ आली की तो तुटेल. पीयूष जाईल. मी राहीन.

टेबलावर तयार ठेवून आले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. पौर्णिमा.

१०:५० — शेडमध्ये एकटी. किल्ली वॉचमनने दिली. उन्हाचे पट्टे जमिनीवर. सगळ्या वाट्या काठोकाठ भरलेल्या, काल रिकाम्या केल्या होत्या.

११:०५ — आला. नवा शर्ट. मी एकच विचारलं, कोणाचा हात अडकला आणि तुटलं नाही तर? म्हणाला, तो माझी काय गलती, मॅडमजी? चीज तो मजबूत निघाली ना.

बरं झालं विचारलं.

११:१० — तो अकरावर उभा आहे. अकराची चिठ्ठी मी त्याच्या खिशात खोचली, व्हिडिओत दिसेल म्हणून. त्याच्या हातावर दोन वेढे. माझ्या डाव्या हातावर दोन, उजव्याने लिहिते आहे. मी वल्लरीच्या टेबलापाशी, बारावर. तो मोबाइल स्टँडवर लावतो आहे. कात्री त्याच्या बाजूला आहे, ड्रमच्या पलीकडे. मला लागणार नाही.

११:१२ — आनंदीबाईंचा मेसेज. "बेटा तुझ्या लडीत एक तुकडा कच्चा लागला होता. जाता जाता पक्का करून ठेवला. भिया रागावला असता व्हिडिओत तुटली असती तर. काळजी नको करू, कोणाला नाही सांगितलं."

बोटाने चाचपून पाहिलं. जाड आहे.

वेढे निघत नाहीत — ओले —

११:१४ — ड्रम वाहतो आहे. पाणी पायाशी. थंड. भिया हसून विचारतो आहे मी आत्ताच का ओढते —

मी ओढत नाही.

हसणं थांबलं.

त्याचा हात खांद्यापर्यंत ड्रममध्ये — ओरडतो आहे कात्री दे, कात्री तर त्याच्याच — मी सरकते आहे, टेबल सरकतं आहे —

उन्मेष, मी ताई. अकरा तो आहे. मी बारावर आहे बघ, मी —

पट्टीच्या वरूनच घुसला. तिथेच.

पक्की बांधली आहे. सगळ्यांनीच पक्की — एकही गाठ सु