म्हाताऱ्याचा डावा हात

प्रिय उजव्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. शहरात महोत्सव सुरू झालाय, एवढंच. उन्हाळा लागला की या शहराच्या अंगात कला येते, ती यंदाही आली. मुख्य रस्ता गाड्यांना बंद. फुटपाथवर खडूनं चित्रं काढणारे गुडघे टेकून बसलेत, त्यांना ओलांडता ओलांडता माझी रोजची कसरत होते. पुलाजवळच्या मैदानावर बँडवाले दुपारभर एकच धून वाजवून कान किटवतात. आपला खेळ मात्र त्याच जुन्या गोदामात. पंखेही तेच, वारा कमी आणि कुरकुर जास्त.

हो, आपला खेळ. यंदा समारोपाला, रविवारी संध्याकाळी, म्हाताऱ्याला बोलावलंय. तू त्या मोठ्या मंडळीत निघून गेल्यापासून बिचारा पेटीत पडून होता. बाहुली महोत्सवाच्या मालकीची, त्यामुळे मला काही बोलताही येत नव्हतं. संचालकबाईंनी स्पष्टच सांगितलं, की खेळ उभा राहिला तर म्हातारा माझ्याकडे, नाहीतर काचेच्या कपाटात, लोक येता-जाता बघतील तरी. सुतार येऊन मापही घेऊन गेला. म्हाताऱ्याला टेबलावर उताणा निजवून डोक्यापासून पायापर्यंत टेप लावली त्यानं. मला ते बघवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तू डोकं आणि उजवा हात धरायचास, मी डावा हात आणि जमतील तसे पाय. म्हणून मंडळीत तू उजवा, मी डावी. लग्न झालं तरी नावं तीच राहिली, आणि वेगळे झालो तरी तीच. यात डावं-उजवं काही नसतं, असं तू सगळ्यांना सांगायचास. उजव्यांना ते सांगायला सोपं जातं.

काळे कपडे घालून, तोंडावर काळी जाळी ओढून, एक शब्दही न बोलता दोघांनी एक माणूस हलवायचा. डोकं धरणाऱ्यानं नाकानं श्वास घ्यायचा आणि तो ऐकून डाव्यानं हलायचं. माझी उमेदीची सगळी वर्षं तुझ्या श्वासावर हलण्यात गेली. तू गेल्यानंतर एकदा बसच्या रांगेत मागच्या बाईनं दमून जोरात श्वास घेतला आणि माझा डावा हात आपसूक वर गेला. बस थांबली. मला त्या बसनं जायचंच नव्हतं, पण ड्रायव्हरनं असं काही बघितलं की मुकाट्यानं चढले.

आता डावा हात शिंपीणकाकू धरतात. म्हाताऱ्याचा कोट शिवला ना, त्याच. पहिल्या तालमीला आम्ही दोघी उभ्या राहिलो त्या उभ्याच. मी श्वासाची वाट बघतेय, आणि काकू माझ्या श्वासाची. म्हातारा मान खाली घालून गप्प. शेवटी काकूंनी विचारलं, अगं, डुलकी यानं काढली की आपण? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की श्वास आता मी घ्यायचाय. घेतला, तर काकू म्हणतात, गरम चहावर फुंकर मारतेयस का?

हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं. जाळीआड रडायची सोय चांगली असते, फक्त नाक वाहायला लागलं की श्वास नीट ऐकू जात नाही. म्हणून थांबले. तुझ्यावर राग होता. आता नाही. खोटं कशाला बोलू, आहे थोडा, पण तो जोपासायला आताशा वेळ मिळत नाही.

परवा जमलं. बँडवाले जेवायला गेले होते, गोदामात शांत होतं. मी श्वास घेतला आणि म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी टोपी काढली, कुणाला तरी नमस्कार करावा तशी. काकू सगळे नियम विसरून मोठ्यांदा म्हणाल्या, अगं बाई! संचालकबाई दारातच होत्या. शाबासकी वगैरे देण्याचा त्यांचा स्वभाव नाही. सुताराला मात्र त्यांनी रविवारपर्यंत थांबायला सांगितलं.

आणि काल त्यांनी पाहुण्यांची नावं सांगितली. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझी, आणि तू येतो म्हणून कळवलंयसही. कौतुकानंच येणार आहेस, ते मला कळतं. पण दुसऱ्यांचे खेळ बघतानाही बाहुली हलायच्या आधी तू श्वास घेतोस, तुझं तुला कळतही नाही. आणि हा माझा डावा हात अजून तुझंच ऐकतो रे. आता त्याच हातात म्हाताऱ्याचं डोकं आहे. खेळाच्या शेवटी तो बाकावर मान टाकतो, आणि मग कितीतरी वेळ त्याचं बोटही हलू द्यायचं नसतं, तुला मी काय सांगायचं. नेमका तेव्हा तू श्वास घेतलास तर तो मेलेला माणूस सगळ्यांदेखत मान वर करेल. म्हणून हे पत्र. रविवारी येऊ नकोस. एकदा तरी त्याला माझ्या हातून मरू दे.

तुझीच (सवयीनं लिहून गेले, आता खोडत नाही),
डावी