ब्रेक दाबणारा हात

१० जानेवारी

नातीची, नेहाची, स्कूटर आली. विजेवर चालते, हळू पळते, लायसन लागत नाही. म्हणजे माझीच. निघोज्याला बहिणीकडे जायचं तर रिक्षा बदलत बसा, नाहीतर ह्यांच्या मिनतवाऱ्या करा — आता दोन्ही बंद.

हे (नाव तोंडानं घेत नाही, इथं लिहिते — ज्योतीराम) म्हणाले, "हाताला मुंग्या येत्यात, परवा चहाचा कप सोडलास. ब्रेक दाबशील व्हय? तुझ्या मागं बसायला मी काय येडा हाय?"

बसा म्हणलं कुणी?

१२ जानेवारी

नेहाचा हुकूम — नसांची तपासणी कर. हात चांगला निघाला तर चावी तुझी.

२० जानेवारी

तपासणी झाली. निघताना दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. हे कंपनीत होते तेव्हा मेडिकल तपासणीच्या दिवशी बीपीची गोळी जास्तीची घ्यायचे. लाईनवरचे सगळे कामगारच घ्यायचे. इथली पास व्हायची रीत आहे ती.

मनगटावर विजेचे चटके दिले. बोटं आपोआप उडाली. माझ्या हुकमाशिवाय पहिल्यांदाच काही हललं.

बाहेर येऊन नेहाला गोळ्यांचं सांगितलं. ती फार्मसी शिकते. कपाळावर हात मारला. "आजी, असल्या औषधात बेडकाची नस बुडवली की तिच्यातला संदेश मंदावतो. तू उलटंच केलंस!"

म्हणजे पास व्हायला नापास व्हायचं औषध गिळलं. ह्यांना कळलं. जेवताना डराव डराव चाललेलं. दुसरी भाकरी वाढली नाही.

२३ जानेवारी

रिपोर्ट आला. उजव्या हाताचा संदेश मंद. म्हणलं, गोळीचा दोष, तपासणी परत घ्या. डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, तुम्ही बेडूक नाही. पोटातून नसेपर्यंत गोळी पोचते ती इतकुशी. आणि मंदपणा फक्त मनगटापाशी आहे. तिथं नस दबलीय. गोळीनं दुखणं झाकलं, दाब तसाच राहिला. छोटं ऑपरेशन करू."

"ब्रेक दाबता येईल?"

"बहुतेक."

बहुतेक! झोप उडाली.

२ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. हात बांधून बसलेय. भाकरी हे थापतात. तव्यावर पडायच्या आधीच चिरते. खाल्ली. नावं एकदाच ठेवली.

१९ मार्च

मुंग्या गेल्या. ओलं फडकं घट्ट पिळलं. डॉक्टरीणबाईंनी हो म्हणलं.

दिघीच्या मैदानात नेहाला मागं बसवून फेऱ्या मारल्या. ब्रेक असा दाबला की तिचं नाक माझ्या पाठीवर. हे कट्ट्यावरून बघत होते. "जरा बरं जमतंय," म्हणाले. घरी येऊन तोंड धुतलं तरी हसू जाईना.

५ एप्रिल

निघोज्याला निघाले. एकटीच जाणार होते. दारात हे उभे — डोक्यात हेल्मेट.

म्हणलं, येडे झालात व्हय?

मागं बसले. मोशीपर्यंत माझा खांदा सोडला नाही. मोशीच्या पुढं सोडला — रस्त्यातल्या ओळखीच्याला हात करायला.