वहिनी, तुम्ही बसा

४ ऑगस्ट १९९७
आज सातपूरला कंपनीत हजर झाले. हे गेल्यावर त्यांच्या जागेवर, मेंटेनन्समध्ये, इलेक्ट्रिशियन म्हणून. सहा महिने प्रोबेशन. आयटीआयचं सर्टिफिकेट अकरा वर्षांनी पेटीतून काढलं. तेव्हा त्या ट्रेडला मुलींत मी एकटीच होते. इथेही एकटीच. बायकांचा संडास ऑफिसच्या टोकाला, जाऊन यायला दहा मिनिटं. ह्यांचे जोडीदार सोनवणे भाऊजी, त्यांनी खुर्ची पुसून दिली. "वहिनी, तुम्ही बसा."

२१ ऑगस्ट
बसले. मोटर जळाली, सगळे धावले. मी उठले तर, "वहिनी, हात काळे कशाला करता? आम्ही मेलो का?" मग बोलणाराच ओशाळला. ह्यांच्या लॉकरमध्ये टेस्टर, पक्कड, साबणाची अर्धी वडी. तसंच ठेवलं.

२ सप्टेंबर
पुन्हा काम नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं. घरी सासूबाईंसमोर रडता येत नाही. इथे मशीनच्या आवाजात कोणाला कळत नाही. हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे सगळा दोष खुर्ची देणाऱ्यांनाच देईन.

१७ नोव्हेंबर
तीन नंबरच्या प्रेसचा कॉन्टॅक्टर, मोटर चालू-बंद करणारा स्विच, मी बदलला. पाऊण तास लागला. प्रेस चालू झाली! काम ज्याने केलं त्याने जॉबकार्डावर सही करायची असते. भाऊजींनी सवयीने स्वतःची केली. मी शेजारीच उभी होते. ह्यांच्या माणसाला काय बोलायचं...

१० जानेवारी १९९८
सुट्टी. पिंपळगावहून शोभाताई आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जातात. दिवसभर उभं राहून मणी छाटायचे, पाय सुजलेत. म्हणाल्या, "मंगल, तुझ्याकडे समदे बाप्ये, आमच्याकडे समद्या बाया. कात्री बायांची, वजनाचा काटा बाप्याचा. लय दमतो बिचारा, बसून बसून." सासूबाई हसल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा.
मला मंगल म्हणणारं आता हे एकच माणूस.

१९ जानेवारी
पर्सनलच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर ऑगस्टपासूनची जॉबकार्डं. "मॅडम, यात तुमची सही कुठेच नाही. काम केल्याचं मी काय दाखवू?" शिवाय कायद्याने बाईला रात्रपाळी देता येत नाही, बाकीच्यांच्या पाळ्या बिघडतात. मेंटेनन्सला कायम करता येणार नाही. पॅकिंगला हेल्पर म्हणून घेऊ. "तिथे लेडीज आहेत, तुम्हाला सोबत होईल."
पॅकिंगची बाई पॅकिंगलाच राहते. आजवर एकही वर गेलेली नाही.

२० जानेवारी
भाऊजींना म्हटलं, प्रेसचं काम मी केलं, एवढं लिहून द्या.
"वहिनी, मग माझी सही खोटी ठरेल. मेमो मिळेल मला."
"पण केलं मीच ना?"
"तुम्हाला त्रास नको म्हणूनच सगळं केलं हो. तो असता तर त्याने तरी तुम्हाला..." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.
मी म्हटलं, "सोनवणे, लिहून द्या."
सगळे थांबले. कोणीतरी हळूच, "वहिनी चिडल्या." भाऊजी डबा उचलून बाहेर गेले. असं नावाने त्यांना मी कधीच हाक मारली नव्हती. इथे सगळे एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. मी मारली तर शिवी दिल्यासारखं झालं.

२३ जानेवारी
खुर्चीवर बसले नाही. दोन फ्यूज, एक स्टार्टर. तिन्ही कार्डांवर माझी सही. अक्षर वाकडं आलं. साहेब म्हणाले, "आता काय उपयोग?"
हे सही कशी करायचे ते आठवत बसले.

३० जानेवारी
पॅकिंगचा कागद हातात दिला. मंगळवारपर्यंत सही करून द्यायचा. नाही केली तर नोकरीच नाही. केली तर ह्यांची जागा गेली, आणि माझी ती कधी नव्हतीच, असं माझ्याच सहीने ठरेल. सासूबाई विचारतात, काय कागद आहे. कंपनीचा आहे, म्हटलं.
गेटवर सोनवणे समोरून आले. बाजूला होऊन मला वाट दिली.
कागद अजून तसाच आहे.