नमुना अजून लहान आहे

सोमवार, ४ मार्च
आलो एकदाचा! खोली वरच्या मजल्यावर, टेबल खिडकीपाशी, नेट तर सुसाट. टाइल्सच्या दुकानात सहा वर्षं ‘या रंगावर मळ दिसत नाही’ म्हणून घसा कोरडा केला, आता वर्षभर फक्त ऑनलाइन पोकर. घरमालक तेच माझे मास्तर. खोली त्यांची, स्पर्धांची फीसुद्धा ते भरणार, जिंकलो तर निम्मं त्यांचं. खाली एकटेच राहतात. मी कसा खेळतो हे त्यांनी विचारलंही नाही, घरी कोण कोण आहे याचीच चौकशी. सांगितलं: ताई, जिने मला लहानाचं मोठं केलं, भावोजी, आणि त्यांच्याकडेच राहणारे आमचे म्हातारे काका. मास्तरांनी तिघांची नावं वहीत लिहून घेतली. माणूस आपुलकीचा दिसतो.
ताईचा फोन आला. जेवलास का, पांघरूण आहे का. तीस वर्षांचा घोडा झालोय, पण तिला कोण सांगणार.

बुधवार, २० मार्च
बेचाळीस स्पर्धा आणि बेचाळीस वेळा माती खाल्ली. आज माझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे सत्ती-दुर्री, आणि जिंकला तो! माउस भिंतीवर आपटणार होतो, मास्तरांचा म्हणून वाचला.
सलग हरायला लागलं की काय करायचं ते मास्तरांनी पढवलंय. टेबलावरून उठायचं, पाणी प्यायचं, एक फेरी मारायची, मग प्रत्येक डाव पुन्हा बघायचा. वहीत दोन रकाने: चूक माझी, चूक पत्त्यांची. पत्त्यांचं विसरून जायचं, त्यात अर्थ शोधत बसायचं नाही. दहा-वीस डावांवरून काही सिद्ध होत नाही म्हणतात, नमुना लहान असतो. मी ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलंय.
माझ्या रकान्यात आज तीनच चुका. पहिल्या आठवड्यात वीस असायच्या. म्हणजे हरतोय, पण शहाणपणाने हरतोय. ताईकडे सगळे ठणठणीत, काका तर जिना चढून गच्चीवर जातात म्हणे.

रविवार, ३१ मार्च
जिंकलो! नऊशे जणांत पहिला. खुर्चीवर उभा राहून नाचलो आणि ताईला फोन लावला. उचलला भावोजींनी. काका गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. पिकलं पान होतं, मान्य, पण रडू आवरेना. जिंकल्याचं सांगितलंच नाही.

गुरुवार, ११ एप्रिल
घरून परतल्यापासून पुन्हा हार. सलग सत्तावीस. गंमत म्हणजे आता चिडचिड होत नाही. उठतो, पाणी पितो, रकाने भरतो. मास्तर म्हणाले, तयार झालास.

रविवार, १४ एप्रिल
पुन्हा पहिला. बक्षीस म्हणून येत्या रविवारच्या महास्पर्धेचं तिकीट. शेवटचा डाव चार वाजून दहा मिनिटांनी संपला.
चार वाजून दहा मिनिटांनी भावोजींची स्कूटर घसरली. जागच्या जागी गेले.

गुरुवार, १८ एप्रिल
भावोजींचं सगळं आटपून आजच परतलो. निघताना ताईला विचारलं, काका नेमके किती वाजता गेले. तिला पाठ होतं, तीन बावीस. माझा तेव्हाचा शेवटचा डाव शोधून काढला. तीन बावीस.
दोनदाच झालंय. नमुना लहान आहे. नमुना लहान —
मास्तरांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, वेड्यात काढतील. ते म्हणाले, “मीही नमुना मोठा व्हायची वाट बघितली होती.” वही उघडली. दोन नावांवर आधीच रेघ मारलेली. मग म्हणाले, “माझ्याकडे लावायला आता कोणी उरलं नाही. तुझी ताई आहे अजून.”
कॉलर धरली मी त्यांची. त्यांनी हातसुद्धा उचलला नाही.

शनिवार, २० एप्रिल
ताईकडे आलोय. जिंकलेलं तिकीट रद्द होत नाही, कंपनीने साफ कळवलं. नाही तर नाही. जागेवर बसलंच नाही तर चिप्स आपोआप कापल्या जातात, काही तासांत माणूस बाद. हरण्यात माझा हात कोण धरणार?

रविवार, २१ एप्रिल
सकाळी ११. सुरू झाली. हात लावलेला नाही. ताई भाजी निवडतेय. तिला काही बोललो नाही.

दुपारी १. चिप्स कमी व्हायला हव्या होत्या. वाढल्यात. मी खेळत नाहीये, तरी माझ्या वेळेला बाकीचे सगळे पत्ते टाकून देतात.

३. लॅपटॉप बंद केला. फोनवर पाहिलं, खेळ चालूच. चाळीस उरलेत. मी तिसरा.

३.४०. आता मीच बसलोय. हरायला. सत्ती-दुर्री आली, सगळं लावलं. टेबलावर आणखी दोन दुर्र्या उघडल्या, डाव माझाच —
ताई म्हणते डोकं जड झालंय, जरा पडते. पडू नकोस म्हटलं. बोलत राहा माझ्याशी.

५.१५. दोघंच उरलो. सारख्याच चिप्स. त्याला लिहिलं, बाबा रे, सगळं तू घे. लगेच उत्तर आलं. तोही हरायलाच बसलाय. घरी मुलगी आहे म्हणतो. एकुलती — पाया पडतो म्हणतो —
मी न बघता सगळं लावलं. त्यानेही.
ताई आत पडलीये. ओ देते आहे. अजून देते आहे.
चार पत्ते उघडले. तो पुढे आहे. देवा, तो पुढे आहे. आनंद झाला मला. त्याची मुलगी — तरी झाला —
पाचवा पत्ता. चिप्स माझ्याकडे सरक—
ताई, ओ दे. ताई, ओ